जीटी आणि समृद्धी

आमच्या जालन्यात जुन्या पोलो जीटी टीएसआयचं कौतुक करणारे थोडे, "विकून टाक" म्हणणारेच फार. तरी हिचा इतिहास सांगतोच. फोक्सवॅगनचा चाकणचा कारखाना २००९ मध्ये सुरू झाला; ही जीटी आली २०१३ मध्ये. इंजिन जेमतेम १.२ लिटरचं, पण टर्बोमुळे ताकद १०५ पीएस! जोडीला सात गिअरचा डीएसजी. त्याचे दोन्ही क्लच कोरडे; गर्दीत इंच-इंच सरकवत नेली की तापतात, झिजतात. म्हणून गांधी चमनपाशी मी पुढच्या गाडीला बरीच पुढे जाऊ देतो, मगच ब्रेक सोडतो. मागचे हॉर्न वाजवतात... वाजवू देत!

गंमत बघा, २०२२ मध्ये पोलोचं उत्पादन थांबलं आणि त्याच डिसेंबरात आपल्या जिल्ह्यातून जाणारा समृद्धी महामार्ग नागपूर ते शिर्डी खुला झाला. हिला साजेसा रस्ता दारात आला तो ही म्हातारी झाल्यावर! पण एका लयीत शंभरावर चालताना क्लच घट्ट जुळलेले असतात, झीज जवळपास नाहीच. टायरचं वय, हवा आणि कूलंट मात्र निघण्यापूर्वी बघायचंच.

क्लच बदलायची वेळ आली की खर्च मोठा. घरच्यांचा हिशेब चुकीचा नाही. असो. तोवर ही आमच्याकडेच.