पारितोषिक, नियतकालिक आणि पोची कथा

बाल्टिमोर येथील 'सॅटर्डे व्हिजिटर' ह्या साप्ताहिकाने १९ ऑक्टोबर १८३३ च्या अंकात एडगर ॲलन पो ह्याची 'बाटलीतील हस्तलिखित' ही कथा पारितोषिकपात्र म्हणून प्रसिद्ध केली. पारितोषिक ५० डॉलरांचे होते. लेखकाचे वय चोवीस वर्षांचे असून त्याच्या नावावर कवितांची तीन उपेक्षित पुस्तके जमा होती. अमेरिकन लघुकथेच्या इतिहासात ह्या घटनेचा उल्लेख बहुधा एका प्रतिभावंताच्या उदयाची खूण म्हणून केला जातो. परंतु ह्या यशामागील व्यवहार पाहिला म्हणजे कथा हा वाङ्मयप्रकार कोणत्या परिस्थितीत घडला, ह्यावर अधिक प्रकाश पडतो.

पोचा हा पहिला प्रयत्न नव्हता. १८३१ मध्ये फिलाडेल्फियाच्या 'सॅटर्डे कूरिअर'ने १०० डॉलरांची स्पर्धा जाहीर केली, तेव्हाही त्याने कथा पाठविल्या होत्या. बक्षीस दुसऱ्यास मिळाले. मात्र १८३२ मध्ये पोच्या पाच कथा त्याच पत्रात छापल्या गेल्या. बाल्टिमोरच्या स्पर्धेत मात्र त्याच्या कथांनी परीक्षकांस जिंकले. कवितेचे पारितोषिक त्या पत्राचे संपादक जॉन हेविट ह्यांनी टोपणनावाने पाठविलेल्या कवितेस मिळाले, ही गोष्ट पोच्या मनास फार लागली.

पारितोषिकाची रक्कम लवकरच संपली. टिकला तो परीक्षकांपैकी जॉन पेंडलटन केनेडी ह्यांचा स्नेह. १८३५ मध्ये केनेडींनी भोजनास बोलाविले असता, अंगावरील कपडे जाण्याजोगे नाहीत, असे पोने त्यांना कळविले. केनेडींच्याच शिफारशीने रिचमंडच्या 'सदर्न लिटररी मेसेंजर' मासिकाचे दार त्याला उघडले. पारितोषिकाचे खरे फळ हेच होय.

ह्या काळी अमेरिकेत परकीय लेखकांच्या स्वामित्वहक्कास संरक्षण नव्हते. ते १८९१ च्या कायद्याने मिळाले. इंग्रजी कादंबऱ्या मोबदला न देता छापता येत असल्याने देशी कादंबरीकारास पैसे देण्याची प्रकाशकांस निकड नव्हती. मासिकांना मात्र ताजा, आटोपशीर मजकूर हवा असे. लेखकाची उपजीविका अशा रीतीने लहान आकाराच्या लेखनाशी बांधली गेली. मे १८४२ च्या 'ग्रॅहॅम्स मॅगझिन'मध्ये हॉथॉर्नच्या कथांचे परीक्षण करताना पोने प्रतिपादिले की, कथा अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंतच्या एका बैठकीत वाचून व्हावी आणि तिच्यातील प्रत्येक शब्द एकाच परिणामाकडे वळलेला असावा. हा सिद्धान्त निव्वळ धंद्यातून निपजला, असे म्हणणे अन्यायाचे होईल; परंतु मासिकाच्या पानांची मर्यादा पोने कलेचा नियम म्हणून स्वीकारली, एवढे निश्चित.

ह्या व्यवस्थेची दुसरी बाजू 'सोनेरी भुंगा' ह्या कथेत दिसते. पोने ती ग्रॅहॅमला ५२ डॉलरांस विकली होती. पुढे ती परत घेऊन त्याने 'डॉलर न्यूजपेपर'च्या स्पर्धेस पाठविली आणि जून १८४३ मध्ये तिला १०० डॉलर मिळाले. कथा ठिकठिकाणी पुन्हा छापली गेली; तिच्या तीन लाखांहून अधिक प्रती पसरल्याचे पोनेच १८४४ मध्ये लिहिले आहे. कीर्ती प्रतींच्या प्रमाणात वाढली, प्राप्ती मात्र शंभर डॉलरांपाशीच थांबली. १८४५ मध्ये त्याने मासिकांच्या आश्रयाने जगणाऱ्या लेखकाच्या दैन्यावर लेख लिहिला. 'पेन' व 'स्टायलस' ह्या नावांनी योजिलेले त्याचे स्वतःचे मासिक कधीच निघाले नाही. ७ ऑक्टोबर १८४९ रोजी बाल्टिमोर येथेच त्याचा अंत झाला.

'मॅगझिन' ह्या शब्दाचे मूळ कोठार ह्या अर्थाच्या अरबी शब्दात आहे, आणि त्याच धातूपासून निघालेला 'खजिना' हा शब्द फारसीच्या द्वारे मराठीत रुळला आहे. पोच्या कथा त्या कोठारात जमा झाल्या, आणि तेथूनच त्या जगाच्या हाती आल्या. खजिन्याची किल्ली मात्र त्याच्या हाती कधीच आली नाही. म्हणून लेखकाच्या नावापुढील पारितोषिकांची यादी वाचताना, त्या पारितोषिकाने त्याला पुढचे लेखन करण्यास किती अवकाश दिला, हा प्रश्न वाङ्मयेतिहासकाराने विचारणे अगत्याचे आहे.