खुराडे (महाड–पोलादपूर परिसर)

खुराडे म्हणजे कोंबड्यांच्या रात्रीच्या निवाऱ्यासाठी घराच्या परसात किंवा पडवीला लागून केलेली छोटी बंदिस्त जागा होय. रायगड जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला, सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या महाड व पोलादपूर या तालुक्यांत पाच-दहा गावठी कोंबड्या पाळण्याची रीत जुनी असून अंडी व कोंबड्यांच्या विक्रीतून येणारा पैसा बहुतेक घरांत बायकांच्या हाती राहतो. घरातील तरुण मंडळी मुंबईला असलेल्या वाड्यांमध्ये हा व्यवसाय प्रामुख्याने वृद्ध स्त्रियाच सांभाळतात. येथे वर्षाला सामान्यतः ३००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो व तो जवळजवळ सर्व जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. त्यामुळे देशावरील किंवा पुस्तकातील नमुन्याचे खुराडे येथे जसेच्या तसे चालत नाही. थंडी किंवा ऊन यांपेक्षा ओल हा येथील खुराड्याचा मुख्य शत्रू आहे.

शब्द व जुनी पद्धत

खुराडे हा शब्द आज अडचणीच्या, कोंदट खोलीलाही लावला जातो. मुंबईतील चाळीच्या खोलीला चाकरमानी खुराडेच म्हणतात. कोकणात त्याहून जुने व साधे साधन म्हणजे डालगे. बांबूच्या कांबींची विरळ विणलेली ही घुमटाकार टोपली जमिनीवर पालथी घालून तिच्याखाली संध्याकाळी कोंबड्या कोंडतात. या कृतीला ‘डालणे’ असे क्रियापद आहे. ‘कोंबडे झाकले म्हणून उजाडायचे राहत नाही’ ही म्हण ज्या झाकण्याविषयी बोलते ते हेच.

डालगे पडवीत किंवा ओटीच्या कोपऱ्यात ठेवतात व रात्री त्यावर दगड किंवा पाटा ठेवतात. चार-सहा कोंबड्यांना ते पुरते. सकाळी डालगे उचलून जागा झाडली व शेणाने सारवली, की विष्ठा साचून राहत नाही. स्वच्छतेच्या दृष्टीने ही पद्धत अनेक पक्क्या खुराड्यांपेक्षा सरस आहे, हे मान्य करावे लागते. तिचे दोष मात्र दोन आहेत. कोंबड्यांना रात्रभर ओलसर जमिनीवर बसावे लागते आणि दगड हलका पडला तर रानमांजर डालगे उलथू शकते. शिवाय बांबूला भुंगा लागतो. पावसाळ्यानंतर थंडीत तोडलेला व काही आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवलेला बांबू अधिक टिकतो, कारण पाण्यात त्यातील पिष्टमय अंश निघून जातो व किडीला खाद्य उरत नाही.

जागेची निवड

खुराड्याची जागा घराच्या जोत्याइतकी तरी उंच व पाण्याचा निचरा होणारी असावी. भोवती एक वीत खोल चर खणून तो उताराच्या दिशेने सोडतात. डोंगरउतारावरील वाड्यांत घरामागची दरड खणून सपाट जागा काढण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण पायथा तुटलेला उतार मुसळधार पावसात सुटतो. महाड तालुक्यातील तळिये येथे २२ जुलै २०२१ रोजी दरड कोसळून ८० हून अधिक माणसे दगावली. त्याच दिवशी पोलादपूर तालुक्यातही दरडी कोसळल्या. त्या दुर्घटनांचा खुराड्यांशी संबंध नाही, पण या भागात उताराला कुदळ लावताना त्यांचा विसर पडू नये.

कुक्कुटपालनाच्या पुस्तकांत निवाऱ्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवून उत्तर व दक्षिण या लांब बाजू जाळीच्या ठेवण्याचा नियम दिलेला असतो. त्यामुळे दुपारचे ऊन आत येत नाही व वारा खेळता राहतो. महाड-पोलादपुरात हा नियम अर्धाच लागू पडतो. नैर्ऋत्येकडून येणारी पावसाची झड दक्षिणेच्या जाळीतून थेट आत शिरते. म्हणून पश्चिमेची भिंत पूर्ण बंद, दक्षिणेची कमरेपर्यंत बंद व वर जाळी, आणि दार पूर्वेला अशी मांडणी येथे सोयीची ठरते. सकाळचे कोवळे ऊन दारातून आत आले की रात्रीची ओल लवकर सुकते.

बांधणी

दहा कोंबड्या व एक कोंबडा यांच्यासाठी चार फूट रुंद व पाच फूट लांब, म्हणजे २० चौरस फूट जागा पुरेशी असते. पूर्ण वाढलेल्या पक्ष्यामागे दीड ते दोन चौरस फूट असा हिशेब धरतात. खांब ऐन किंवा किंजळीच्या लाकडाचे घेतात. ते जमिनीत पुरल्यास वाळवी व कुज लागते. दगडी बैठकीवर उभे करून खालच्या टोकाला डांबर फासलेले खांब पुष्कळ टिकतात.

तळ दोन प्रकारे करता येतो. पहिल्या प्रकारात जमीन दगडगोट्यांनी उंच करून वर चोपण करतात व त्यावर भाताच्या तुसाचा दोन-तीन इंच थर पसरतात. यास गादी पद्धत म्हणतात. भातगिरणीतून तूस सहज मिळत असल्याने ती येथे स्वस्त पडते. दुसऱ्या प्रकारात जमिनीपासून दोन-तीन फूट उंचीवर बांबूच्या पट्ट्यांचा किंवा जाळीचा माच करतात. विष्ठा फटीतून खाली पडते व कोंबड्या कोरड्या राहतात. पावसाळ्यात माच निःसंशय चांगला. मात्र माचाखालची जागा उघडी राहिल्यास घुशी खालून कोंबड्यांच्या पायाची बोटे कुरतडतात. म्हणून खालच्या चारही बाजूंना जाळी हवी. लहान पिल्लांचे पाय फटीत अडकतात, त्यामुळे पिल्लांसाठी तुसाची गादीच योग्य.

छपराला मंगलोरी कौले असल्यास उतार सुमारे ३० अंश ठेवावा. वळचण भिंतीबाहेर अडीच-तीन फूट आलेली असावी. देशावर फूटभर वळचणीवर भागते, येथे भागत नाही. पत्रा स्वस्त व हलका असला तरी एप्रिल-मेमध्ये तो तापतो. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडून धापा टाकूनच अंगातील उष्णता घालवते. त्यामुळे पत्र्यावर उन्हाळ्यात पेंढा पसरणे आवश्यक ठरते. पत्र्यावर नुसते दगड ठेवण्याची सवयही धोक्याची आहे. ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर धडकलेल्या निसर्ग चक्रीवादळात जिल्हाभर घरांचे पत्रे उडाले. पत्रा वाशांना खिळे-बोल्टांनी आवळूनच बसवावा.

झड अडवण्यासाठी पावसाळ्यात जाळीवर ताडपत्री किंवा गोणपाटाचे पडदे सोडतात. येथे हमखास एक चूक होते: ऊब राहावी म्हणून पडदे छपरापर्यंत बांधले जातात. ओल्या गादीतील विष्ठा कुजून अमोनिया वायू सुटतो व तो बाहेर पडण्यास वाट न मिळाल्यास कोंबड्यांचे डोळे व श्वसनमार्ग बिघडतात. पडदा व छप्पर यांच्यात वीतभर फट कायम मोकळी ठेवावी. खुराड्यात वाकताच माणसाचे डोळे चुरचुरत असतील, तर तेथे कोंबड्यांनी रात्र काढणे योग्य नाही.

आतील मांडणी

कोंबडीचे मूळ रानकोंबड्यात आहे व रानकोंबडा रात्री झाडाच्या फांदीवर बसतो. म्हणून खुराड्यात बसण्यासाठी आडव्या दांड्या लागतात. दोन इंच जाडीची, कडा गोल केलेली लाकडी दांडी उत्तम. लोखंडी नळी थंडीत गार पडते व पायाची पकड निसटते. प्रत्येक पक्ष्याला सुमारे २० सेंटिमीटर जागा धरल्यास वरील मापाच्या खुराड्यात चार फुटांच्या दोन दांड्या पुरतात. दोन्ही दांड्या एकाच उंचीवर असाव्यात, अन्यथा वरच्या दांडीसाठी रोज संध्याकाळी भांडण होते.

अंडी घालण्यासाठी चार-पाच कोंबड्यांमागे एक खोके लागते. फूटभर लांब, रुंद व उंच फळ्यांचे खोके किंवा जुनी टोपली चालते. त्यात पेंढा किंवा तूस घालून ते अंधाऱ्या बाजूला ठेवतात. खोके दांडीपेक्षा खाली असावे. वर असल्यास कोंबड्या त्यातच झोपतात व अंडी घाण होतात. गावठी कोंबडी वर्षाला साधारण ६० ते ८० अंडी देते व मधूनमधून खुडूक होते. खुडूक कोंबडीला खुराड्यात न ठेवता घरातील शांत कोपऱ्यात दहा-बारा अंड्यांवर बसवतात; २१ दिवसांनी पिल्ले बाहेर येतात. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने विकसित केलेल्या वनराज व ग्रामप्रिया, तसेच बंगळूरूच्या कृषी विद्यापीठाची गिरिराज, या जाती अधिक अंडी देतात, पण क्वचितच खुडूक होतात. त्यामुळे त्या पाळणाऱ्यास पिल्ले विकत घ्यावी लागतात किंवा गावठी कोंबडीखाली अंडी ठेवावी लागतात.

पाण्याचे भांडे कोंबडीच्या पाठीच्या उंचीवर टांगल्यास त्यात माती जात नाही व गादी भिजत नाही. कणी, कोंडा, नाचणी हे नेहमीचे खाद्य. त्याबरोबर शिंपल्यांचा चुरा वेगळ्या करवंटीत ठेवल्यास अंड्याचे कवच मऊ पडत नाही.

आवार

उरलेल्या आठ महिन्यांत कोंबड्या दिवसभर मोकळ्या चरतात. पहिल्या पावसाबरोबर मात्र भाताच्या राबावर पेरणी होते आणि पेरलेले भात उकरणाऱ्या कोंबड्यांवरून शेजाऱ्याशेजाऱ्यांत तंटे होतात. रोपे हाती लागेपर्यंत त्यांना कोंडून ठेवावे लागते. त्यासाठी खुराड्याला जोडून जाळीचे आवार करतात. पक्ष्यामागे आठ-दहा चौरस फूट, म्हणजे वरील कळपास १०० चौरस फूट जागा धरावी. घार व शिकरा यांच्यासाठी वरूनही जाळे टाकावे लागते. आवारातील मातीचा चार दिवसांत चिखल होतो; त्यावर जांभ्याचा चुरा किंवा जाड वाळू टाकून वर वाळला पालापाचोळा घालत राहणे हा उपाय आहे. एका कोपऱ्यात छपराखाली चुलीतली राख व कोरडी माती ठेवल्यास कोंबड्या त्यात लोळतात व अंगावरील उवा कमी होतात.

भक्षक

जंगल जवळ असल्याने मुंगूस, रानमांजर, उदमांजर, घोरपड, धामण व नाग हे सर्व खुराड्याकडे येतात. बाजारात मिळणारी षट्कोनी तारेची ‘कोंबडीजाळी’ कोंबड्यांना आत ठेवते, परंतु भक्षकाला बाहेर ठेवत नाही. तिच्या पातळ तारा दाताने किंवा पंजाने तुटतात आणि छिद्रातून पंजा आत जातो. अर्धा इंच चौकोनाची वेल्ड केलेली जाळी महाग असली तरी रात्रीच्या भागाला तीच लावावी. आवाराच्या वरच्या भागाला साधी जाळी चालते. मुंगूस व घूस खालून उकरून शिरतात. त्यासाठी जाळी फूटभर जमिनीत पुरतात किंवा बाहेरच्या बाजूला फूटभर आडवी पसरून वर दगड रचतात. दाराला नुसती दोरी न बांधता कडी-कोयंडा लावावा. मुंगूस एकदा आत शिरले की एका कोंबडीवर थांबत नाही.

रोग

राणीखेत, ज्यास खेड्यात मानमोडी म्हणतात, हा सर्वांत घातक रोग. कुमाऊँमधील राणीखेत गावावरून त्यास भारतात हे नाव पडले. यावर उपचार नाही, लस आहे: पहिल्या आठवड्यात लासोटा लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात व आठव्या आठवड्याच्या सुमारास टोचणीची लस. लसीची कुपी शंभर किंवा अधिक मात्रांची असते व एकदा कालवल्यावर दोनेक तासांत संपवावी लागते. दहा कोंबड्यांसाठी ती कोणी आणत नाही. सबंध वाडीने पशुवैद्यकीय दवाखान्याशी बोलून एकच दिवस ठरवणे हाच व्यवहार्य मार्ग आहे.

ओल्या गादीत रक्ती हगवणीचे जंतू वाढतात व त्यात पिल्ले दगावतात. गादी रोज दाताळ्याने उलटणे, ढेपाळलेला भाग काढून नवे तूस घालणे व वर्षातून दोनदा आतून चुना लावणे एवढ्यावर पुष्कळ भागते. काढलेली गादी कुजवल्यावर खत म्हणून उत्तम असते.

बर्ड फ्लूचा भारतातील पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे झाला. जानेवारी २०२५ मध्ये रायगड जिल्ह्यातीलच उरण तालुक्यात चिरनेर येथे तो आढळला. अशा वेळी उद्रेकाच्या केंद्रापासून एक किलोमीटर परिघातील परसातल्या कोंबड्याही नष्ट केल्या जातात. पक्षी अचानक मोठ्या संख्येने मेल्यास मेलेले पक्षी नदीत किंवा रानात न टाकता दवाखान्यास कळवणे आवश्यक असते.

पूर

महाड शहर व सावित्रीकाठची गावे पुराच्या टप्प्यात येतात. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला २४ तासांत जवळपास ६०० मिलिमीटर पाऊस झाला व त्याच डोंगरातून येणाऱ्या सावित्रीने गांधारीसह महाड बुडवले. अशा पाण्यात दोन-तीन फूट उंचीच्या माचाचा उपयोग नसतो आणि कडी लावलेले खुराडे कोंबड्यांसाठी सापळा ठरते. पूररेषेतील घरांनी पक्के खुराडे असूनही एक-दोन डालगी माळ्यावर ठेवावीत. नदीचे पाणी चढू लागताच कोंबड्या अंधारातही दांडीवरून सहज उचलता येतात व डालग्याखाली माळ्यावर किंवा गच्चीवर ठेवता येतात.