खेळाडूची मुक्ति आणि वेतनाची मर्यादा

अमेरिकेंत ज्या खेळाला फुटबॉल म्हणतात त्याचा आपल्या फुटबॉलशीं नांवापुरताच संबंध आहे. त्यांत पायांचें काम थोडें आणि हातांचें व खांद्यांचें फार. अंडाकृति चेंडू छातीशीं धरून धांवणारा एक आणि त्याला जमिनीवर लोळविण्यासाठीं टपलेले अकरा, असें त्याचें सामान्य स्वरूप आहे. परंतु श्रोतेहो, आज मला आपणांपुढें मांडावयाचा आहे तो या खेळाचा नव्हे, तर त्यांतील चाकरीचा इतिहास. मालक आणि चाकर यांमधील एक जुना प्रश्न या मैदानावर पुष्कळ वर्षें झगडून सुटला, आणि तो ज्या रीतीनें सुटला ती विचार करण्यासारखी आहे.

आपल्याकडील सालगडी वर्षाच्या बोलीनें राबतो. पण पाडवा आला कीं दुसरा मालक पाहण्यास तो मोकळा असतो. नॅशनल फुटबॉल लीग ही संघांची संघटना १९२० सालीं ओहायो राज्यांतील कँटन गांवीं एका मोटारींच्या दुकानांत स्थापन झाली. तिच्या खेळाडूंना सालगड्याएवढीहि मोकळीक नव्हती. १९३६ पासून कॉलेजांतून बाहेर पडणारे खेळाडू संघ आपसांत वांटून घेऊं लागले. ज्या संघाच्या वांट्याला खेळाडू आला त्याच्याशींच त्यानें करार करावयाचा, आणि पुढेंहि त्या संघाच्याच मर्जीनें राहावयाचें, अशी रीत पडली.

या रीतीचा जाच विल्यम रॅडोविच या खेळाडूला कसा झाला तें पाहा. तो डेट्रॉईटच्या संघांत होता. १९४६ सालीं वडिलांच्या आजारपणामुळें आपली बदली लॉस अँजेलिसच्या संघाकडे करावी, अशी त्यानें विनंती केली. ती नाकारण्यांत आली. तेव्हां करार मोडून तो त्याच शहरांतील एका प्रतिस्पर्धी लीगच्या संघांत गेला, आणि या अपराधाबद्दल त्याचें नांव काळ्या यादींत पडलें. पुढें १९४८ सालीं सॅन फ्रान्सिस्को येथें चालून आलेली नोकरीहि त्या यादीमुळें गेली. रॅडोविच कोर्टांत गेला. १९५७ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें निर्णय दिला कीं, बेसबॉलच्या धंद्याला १९२२ पासून मिळालेली सूट फुटबॉलला मिळणार नाहीं. मक्तेदारीविरुद्धचा कायदा त्याला लागू आहे.

कायदा लागू झाला तरी बेडी तुटली नाहीं. तिचें रूप मात्र पालटलें. करार संपल्यावर आणखी एक वर्ष त्याच संघांत खेळलें म्हणजे खेळाडू कागदोपत्रीं मोकळा होत असे. १९६३ सालीं लीगचे कमिशनर पीट रोझेल यांच्या नांवानें ओळखला जाणारा नियम आला. असा खेळाडू ज्या संघांत जाईल त्यानें जुन्या संघाला भरपाई द्यावी, आणि दोघांचें जमलें नाहीं तर ती कमिशनरनीं ठरवावी, असा तो नियम. ही भरपाई दुसऱ्या खेळाडूंच्या रूपानेंहि घेतां येत असे. काय द्यावें लागेल हें आधीं कळावयाचें नाहीं. असा आंधळा व्यवहार कोण करणार? १९६३ ते १९७४ या काळांत १७६ खेळाडू मुदत पुरी करून मोकळे झाले. त्यांपैकीं दुसऱ्या संघांत गेले ते अवघे ३४.

बाल्टिमोरचा नामांकित खेळाडू जॉन मॅकी यानें सहकाऱ्यांसह या नियमाविरुद्ध दावा लावला. १९७५ सालीं मिनीआपोलिसच्या कोर्टानें नियम बेकायदा ठरविला, आणि १९७६ सालीं अपील कोर्टानें तो निर्णय मूलतः कायम केला. अपील कोर्टाचें म्हणणें मननीय आहे. खेळाडूंच्या हालचालींवर कोणतेंच बंधन नसावें, असें तें म्हणालें नाहीं. हें बंधन दोन्ही पक्षांनीं बरोबरीच्या नात्यानें वाटाघाट करून ठरविलेलें नव्हतें, हा त्याचा एक मुख्य आक्षेप होता.

१९७७ सालीं वाटाघाट झाली खरी. पण तींत खेळाडूंच्या संघटनेनें इतर सवलतींच्या मोबदल्यांत भरपाईची पद्धति निराळ्या स्वरूपांत मान्य केली, आणि पुढें दहा वर्षें बहुतेक खेळाडू जेथल्या तेथेंच राहिले. १९८२ सालीं ५७ दिवस संप झाला. १९८७ च्या संपांत मालकांनीं बदली माणसें उभीं करून सामने चालू ठेवले, आणि २४ दिवसांनीं संप मोडला. संघटनेचें मालकांशीं वाटाघाटीचें नातें असेपर्यंत मक्तेदारीविरुद्धचा कायदा वापरतां येणार नाहीं, असें १९८९ सालीं अपील कोर्टानें सांगितलें. तेव्हां संघटनेनें एक विलक्षण मार्ग धरला. खेळाडूंच्या वतीनें वाटाघाट करण्याचा आपला हक्कच तिनें सोडून दिला! हेतु हा कीं, प्रत्येक खेळाडूला स्वतःच्या नांवानें कोर्टाचें दार ठोठावतां यावें. १९९२ सालीं फ्रीमन मॅकनील व इतर सात जण यांच्या दाव्यांत ज्यूरीनें मालकांचे निर्बंध बेकायदा ठरविले.

त्यानंतर १९९३ सालीं तह झाला. ठराविक वर्षें सेवा करून ज्याचा करार संपला असेल, त्या खेळाडूनें वाटेल त्या संघांत जावें, हें मालकांनीं मानलें. उलट, पगारावर प्रत्येक संघानें वर्षाकाठीं किती खर्च करावा यास मर्यादा असावी, हें खेळाडूंनीं मानलें. ही मर्यादा लीगच्या उत्पन्नाशीं बांधलेली आहे. १९९४ सालीं ती दर संघास सुमारें ३ कोटी ४६ लक्ष डॉलर होती. २०२५ सालीं ती २७ कोटी ९२ लक्ष डॉलर झाली. संघ श्रीमंत असो वा गरीब, मर्यादा सर्वांना एकच.

या तहाचें फळ पाहावयाचें तर विस्कॉन्सिन राज्यांतील ग्रीन बे येथें जावें. सुमारें एक लक्ष वस्तीचें हें गांव. तेथील पॅकर्स संघ १९२३ पासून सामान्य भागीदारांच्या मालकीचा आहे, आणि त्या भागीदारांना नफा वांटला जात नाहीं. खेळाडू मोकळे झाले कीं मोठीं शहरें त्यांना पळवितील व असलीं गांवें मागें पडतील, अशी भीति बोलून दाखविली जात असे. घडलें तें निराळेंच. ज्या सामुदायिक दाव्यांतून हा तह निघाला त्याला ज्याचें नांव होतें तो रेजी व्हाईट, खेळाडू आणि धर्मोपदेशकहि, १९९३ च्या एप्रिलांत चार वर्षांसाठीं १ कोटी ७० लक्ष डॉलरांवर ग्रीन बेलाच गेला. मर्यादा तेव्हां अजून लागू व्हावयाची होती. ती लागू झाल्यावरहि हा संघ टिकून राहिला, आणि १९९७ च्या जानेवारींत त्यानें सुपर बाउल हा अंतिम सामना जिंकला.

हिशेबाची दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. करारावर सही करतांना मिळणारें बक्षीस खेळाडूच्या हातीं आधींच पडतें. मर्यादेच्या वहींत मात्र तें कराराच्या वर्षांवर, फार तर पांच वर्षांवर, वांटून मांडतात. मधेंच त्याला काढलें तर त्या बक्षिसाचा उरलेला बोजा संघाच्या माथीं येतो. पण करारांतील जो पगार हमीचा नसेल तो खेळाडूलाहि मिळत नाहीं. म्हणून दर वर्षीं मार्च महिन्यांत, आपल्या पाडव्याच्या सुमारास, एकीकडे कोट्यवधींचे नवे करार होतात, आणि दुसरीकडे मर्यादेंत जागा करण्यासाठीं जुन्या, झिजलेल्या खेळाडूंना रजा दिली जाते. मोकळा हा शब्द त्यांच्या बाबतींत दोन्ही अर्थांनीं खरा ठरतो.

मग एवढ्या झगड्यांत मिळविलें काय? बंधन तेव्हांहि होतें आणि आजहि आहे. परंतु रॅडोविचवरील बंधन मालकांनीं आपसांत ठरविलेलें होतें. आजच्या मर्यादेच्या कागदावर खेळाडूंच्या प्रतिनिधींची सही असते, आणि उत्पन्नांतील आपला वांटा त्यांना मोजून घेतां येतो. २०१० सालीं मर्यादा नव्हती, २०११ सालीं मालकांनीं टाळेबंदी केली. तरी अखेर दोन्ही पक्षांना पुन्हा वाटाघाटीसच बसावें लागलें. आजारी वडिलांजवळ जाऊं इच्छिणाऱ्या त्या खेळाडूचें मागणें तरी काय होतें? आपल्या चाकरीविषयीं आपणांसहि कोणी विचारावें, एवढेंच. तें त्याच्या व्यवसायबंधूंना मिळावयास ४७ वर्षें लागलीं.