जोडलेली छायाचित्रे आणि त्यांचे परीक्षण

कंधारचा किल्ला इ. स. १६३१ मध्ये मोगलांच्या हाती पडला. त्या वेढ्याचे एक चित्र शाहजहानच्या पदरी असलेल्या पयाग नामक चित्रकाराने काढलेले असून, ज्या 'पादशाहनाम्या'त ते आहे तो ग्रंथ इंग्लंडच्या राजघराण्याच्या विंडसर येथील संग्रहात आहे. पुढे घोड्यावर बसलेला सेनापती, त्यापलीकडे तोफा व धूर, आणि दूर तटबंदी, अशी त्याची मांडणी आहे. मोगल चित्रशाळेत सरदारांच्या मुद्रा आधी स्वतंत्रपणे टिपून ठेवीत आणि मोठे प्रसंगचित्र काढावयाचे झाले म्हणजे त्या त्यात बसवीत, ही गोष्ट चित्रकलेच्या अभ्यासकांस परिचित आहे. म्हणजे मुद्रा एके ठिकाणची, धूर कल्पनेतला, किल्ला ऐकीव वर्णनावरून, असे ते जोडकाम. तथापि त्याबद्दल पयागला कोणी खोटा ठरविलेला नाही, व ठरवूही नये. चित्र पाहणाऱ्यास ते हाताने काढलेले आहे हे ठाऊक असते, आणि तेवढ्या माहितीवर तो आपला विश्वास बेताने ठेवतो. (या चित्राच्या बाबतीत खरा धोका निराळाच आहे. पाश्चात्त्य याद्यांत त्याच्या नावात 'कंदाहार' असे पडलेले असल्यामुळे वाचकाचे मन थेट अफगाणिस्तानात जाते, आणि नांदेड जिल्ह्यातले आमचे कंधार बाजूस राहते. चित्राखालची एक ओळ काय करू शकते, हे यावरून दिसून येईल.)

छायाचित्राची गोष्ट वेगळी. ते शपथ घेऊनच जन्माला आले. १८३९ साली दागेरची युक्ती जाहीर झाली तेव्हा लोकांस आश्चर्य वाटले ते हेच, की येथे मनुष्याचा हात मध्ये येत नाही. सूर्यच आपले चित्र काढतो. ही समजूत फार दिवस टिकावयाची नव्हती; पण ती समूळ कधीच गेली नाही, आणि तिच्यामुळेच जोडलेल्या छायाचित्रांचे परीक्षण ही एक नाजूक बाब झाली आहे. आज घरोघरी संगणक व दूरध्वनी आहेत, आणि शाळकरी मुलगाही दोन चित्रांचे एक चित्र घटकाभरात करतो. ते तो मोठ्या हौसेने वडील मंडळींस दाखवितो, तेव्हा त्यास काय सांगावे, हा प्रश्न आम्हांस वाटतो तितका नवा नाही. मुंबईत तो दीडशे वर्षांपूर्वीच उत्पन्न झाला होता.

मुंबईची छायाचित्र-संस्था १८५४ मध्ये स्थापन झाली. तिच्यात लष्करी व मुलकी अंमलदार होते, तसेच डॉ. भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे आपले लोकही होते. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्ग निघाला. बहुतेक सारे हौशी. संस्थेच्या आरंभकाळच्या सभासदांपैकी विल्यम जॉन्सन या गृहस्थांनी १८५६ पासून हिंदुस्थानातील हौशी छायाचित्रकारांसाठी म्हणून एक चित्रसंग्रह काढला. त्यात छापील नकला नसून खऱ्या छायाचित्रांच्या प्रती चिकटविलेल्या असत. या संग्रहातील मंडळी जॉन्सन व त्यांचे भागीदार हेंडरसन यांनी आपल्या चित्रशाळेत बसवून टिपलेली होती. पुढे जॉन्सन यांनी मुंबईतील जातीजमातींचा एक मोठा ग्रंथ केला. त्याचा पहिला भाग १८६३ मध्ये निघाला, दुसरा १८६६ मध्ये; आणि या दुसऱ्या भागाचा विषय महाराष्ट्र हा आहे. येथे त्यांनी एक युक्ती योजिली. चित्रशाळेत टिपलेल्या माणसांच्या आकृती घेऊन त्या निराळ्या ठिकाणी घेतलेल्या देखाव्यांवर बसविल्या, आणि असे सिद्ध झालेले चित्र ग्रंथात घातले. चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंसारखी अनेक मंडळी अशा रीतीने घरात बसून बाहेर उभी राहिली.

ही चित्रे पाहताना प्रथम डोळ्यास खटकते ते पाऊल. मनुष्य जमिनीवर उभा असला म्हणजे त्याच्या पावलाखाली एक दाट, अरुंद छाया असते. ती नसली की तो तरंगतो. जॉन्सन यांच्या कित्येक आकृती अशाच किंचित तरंगतात. दुसरे म्हणजे प्रकाश. चित्रशाळेतला प्रकाश मऊ, छपराच्या काचेतून उतरलेला. मागच्या देखाव्यावर मुंबईचे कडक ऊन. तिसरे, माप. मागची इमारत ज्या उंचीवरून टिपली ती डोळ्याची उंची आणि पुढची माणसे ज्या उंचीवरून टिपली ती, या दोहोंचा मेळ बसला नाही तर माणसे एकतर राक्षस होतात किंवा बाहुल्या.

हे दोष सांगणे सोपे आहे, आणि सांगितलेही पाहिजेत. पण ते केवळ दोष नव्हेत. त्या काळी ओली काच दालनाबाहेर नेऊन, तिच्यावरचा लेप वाळण्याच्या आत बायकामुलांसह एका कुटुंबास भर रस्त्यात काही क्षण निश्चल उभे करणे किती कठीण होते, याचा विचार केला म्हणजे जॉन्सन यांची खटपट समजते. मनुष्य त्याच्या परिसरात दाखवावा ही त्यांची इच्छा चांगलीच होती. आमचा खरा आक्षेप निराळा आहे. त्या ग्रंथाची प्रतिज्ञा जातींचे यथातथ्य वर्णन करण्याची होती, आणि तशा ग्रंथात चित्र जोडलेले असेल तर ते जोडलेले आहे हे चित्राजवळच लिहावयास पाहिजे होते. एखाद्या मित्राने त्यांस सभेत म्हणावयास हवे होते की, "पावलाखाली छाया घाला, आणि चित्राखाली एक ओळ घाला." पहिल्या सूचनेने चित्र सुधारले असते, दुसरीने ग्रंथ.

याच सुमारास विलायतेत दोघा गृहस्थांस उलट अनुभव आला. ऑस्कर रेलँडर यांनी १८५७ मध्ये तीसहून अधिक निगेटिव्ह जोडून सदाचार व दुराचार यांच्या दोन वाटा दाखविणारे एक विस्तीर्ण चित्र केले. राणी व्हिक्टोरियाने त्याची प्रत विकत घेतली. पण स्कॉटलंडच्या छायाचित्र-संस्थेने, त्यातील काही आकृती नग्न म्हणून, ते आपल्या प्रदर्शनातून वगळले, आणि इतर टीकाकारांनी जोडकामाची यथेच्छ हेटाळणी केली. त्यांपैकी कोणी छाया, माप, सांधा यांविषयी उपयोगी पडेल असे थोडेच सांगितले. दोन वर्षांतच रेलँडर यांनी अशा जोडचित्रांचा आपणास वीट आल्याचे आपल्या मित्रास कळविले. तो मित्र हेन्री पीच रॉबिन्सन. त्यांनी १८५८ मध्ये पाच निगेटिव्हांतून मरणोन्मुख मुलीचे चित्र केले, त्यावरही ओरड झाली. पण ते चिवट निघाले, आणि पुढे छायाचित्रातील रचनेवर त्यांनी ग्रंथच लिहिला. सर्वांची कातडी रॉबिन्सन यांच्यासारखी नसते.

हेटाळणीने एक चांगला कारागीर त्या वाटेवरून फिरला. कौतुकाने काय होते याचे उदाहरण आम्हांस याहूनही अधिक बोचते. १९१७ मध्ये यॉर्कशायरमधील कॉटिंग्ली या खेड्यात सोळा वर्षांची एल्सी व नऊ वर्षांची फ्रान्सिस या दोघी मावसबहिणींनी कागदी पऱ्या कापून टोपीच्या टाचण्यांनी गवतात उभ्या केल्या व छायाचित्रे घेतली. मुलींची थट्टा, एल्सीने काही दिवस छायाचित्राच्या दुकानात काम केले होते, तिला हात होता. त्यांच्या चित्राकडे पाहून कोणी जाणत्याने हसून म्हटले असते की, "बाळ, या परीच्या कडा फार तीक्ष्ण झाल्या आहेत, आणि मागे धबधबा वाहतो आहे तरी पंख मुळीच हललेले नाहीत," तर प्रकरण तेथेच गोडीत संपले असते. त्याऐवजी आर्थर कॉनन डॉइल यांच्यासारख्या नामवंताने १९२० मध्ये ती चित्रे खरी म्हणून मासिकात प्रसिद्ध केली. इतक्या मोठ्या माणसास खोटे पाडावयाचे कसे, म्हणून मुली गप्प बसल्या. त्यांनी कबुली दिली ती १९८३ मध्ये, म्हाताऱ्या झाल्यावर. ज्या मुलीच्या कामास सरळ परीक्षक मिळाला नाही, तिला सहासष्ट वर्षे एका थट्टेचे ओझे वाहावे लागले.

आपल्याकडे या विद्येचे वळण घरगुती आहे. नाथद्वाऱ्यास श्रीनाथजीच्या रंगविलेल्या चित्रात यात्रेकरूचा मुखवटा छायाचित्रातून कापून बसवीत, आणि घरी नेऊन ते पूजेत ठेवीत. आपल्याकडील जुन्या स्टुडिओंत निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून देवीचे वण नाहीसे करणे हे तर नित्याचे काम. मरणानंतर आजोबांस कोट चढविलेला, किंवा जन्मात एकत्र फोटो न काढलेले पतिपत्नी शेजारी बसविलेले, अशी एक तरी तसबीर बहुतेक घरांच्या भिंतीवर होती. तिला खोटी म्हणण्याचे धाष्टर्य कोण करील? घरातल्या सर्वांस ती कशी झाली हे ठाऊक असे. दादासाहेब फाळके तर छायाचित्रण शिकलेले आणि 'प्रोफेसर केळफा' या नावाने जादूचे प्रयोग केलेले. 'लंकादहन' (१९१७), 'श्रीकृष्णजन्म' (१९१८) यांत त्यांनी निगेटिव्हवर निगेटिव्ह चढवून जे चमत्कार दाखविले, ते पाहून प्रेक्षक हात जोडीत, पण ते वर्तमानपत्रातले वृत्त आहे असे कोणी मानीत नसे.

आता पुन्हा कंधारास येऊ. राष्ट्रकूट कृष्ण तिसरा याच्या काळच्या कंधारच्या शिलालेखात ज्या देवस्थानांचे उल्लेख आहेत, त्यांत क्षेत्रपाल आहे. एका प्रचंड मूर्तीचे तुकडे कंधारास राहिले आहेत. ते क्षेत्रपालाचे मानतात, आणि त्यांवरून मूर्तीची उंची पन्नास फुटांच्या घरात असावी असा अंदाज केला जातो. समजा, तेथील एखाद्या तरुणाने या तुकड्यांची छायाचित्रे घेतली, उणे अवयव अन्य मूर्तींवरून घेतले, आणि जगत्तुंगसमुद्राच्या काठी संध्याकाळच्या वेळी तो क्षेत्रपाल सगळा उभा केला, वर चंद्रकोर ठेवली. हे करावेसे वाटणे अगदी स्वाभाविक आहे. त्या तुकड्यांसमोर उभा राहणारा प्रत्येक मनुष्य मनातल्या मनात हेच करीत असतो.

त्यास आम्ही काय सांगू? प्रथम, मूर्ती उभी करण्याचे धैर्य आवडले, आणि चित्रात काठावर लहान माणूस ठेवल्यामुळे तिची उंची अंगावर येते, हे सांगू. कारण जे साधले ते नेमके सांगितले नाही तर पुढच्या वेळी तो तेच काढून टाकील. मग, पावले भर दुपारी टिपलेली आहेत. बोटांच्या खाली छाया गोळा झाली आहे, आणि धडावर मात्र डावीकडून तिरपे ऊन आहे. पावलांचे चित्र सकाळी किंवा संध्याकाळी पुन्हा घ्यावे. हा दोष संगणकाने झाकण्याचा नव्हे, घड्याळाने दूर करण्याचा आहे. चंद्रकोरीची उजळ कड सूर्य मावळला त्या बाजूस असावयास पाहिजे, ती उलटी झाली आहे. पाण्यातले प्रतिबिंब म्हणजे वरचे चित्र उलटे चिकटविणे नव्हे. पाणी मूर्तीस खालून पाहते, म्हणून हनुवटीचा खालचा भाग काठावरून दिसतो त्याहून प्रतिबिंबात अधिक दिसला पाहिजे. दूरच्या वस्तूंवर धूळ व हवा यांचा एक पातळ पडदा असतो. तो मूर्तीवर नाही, म्हणून ती तळ्याच्या काठी नसून काचेवर चिकटल्यासारखी दिसते. एका बैठकीस एवढे पुरे. याहून अधिक सांगितले तर ऐकणाऱ्याच्या हातात काही राहत नाही.

सांध्याविषयी मात्र आम्ही अधिक आग्रही राहू. कंधार १९४८ पर्यंत ज्या हैदराबाद संस्थानात होते, त्याच्या पुराणवस्तू खात्याचे प्रमुख गुलाम यझदानी यांनी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांचे छायाचित्रांवरून केलेले खंड १९३० पासून प्रसिद्ध केले. त्यांत जेथे गिलावा पडला आहे तेथे तो पडलेलाच दिसतो. आणि पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची जी चिकित्सक आवृत्ती केली, तीत संपादकांस ज्या शब्दाची पुरती खात्री नाही त्याच्याखाली नागमोडी रेघ काढलेली आहे. सुखठणकरांसारख्या पंडितास जी रेघ काढण्यात कमीपणा वाटला नाही, ती आमच्या तरुणास का वाटावी? क्षेत्रपालाचे जे तुकडे खरे आहेत ते दगडाच्या आपल्या रंगात राहू द्यावेत, जोडलेला भाग एक छटा फिका ठेवावा, आणि खाली लिहावे: पावले कंधारची, धड अमक्या ठिकाणच्या मूर्तीचे, चंद्र माझा.

कोणी म्हणेल, एवढ्याशा हौसेवर एवढा भार कशाला? अजिंठ्याची छायाचित्रे हजारो आहेत. तेथे एक बनावट चित्र आले तरी इतर हजार त्यास खोडून काढतील. कंधारची तशी स्थिती नाही. दहा वर्षांनी कोणी विद्यार्थी क्षेत्रपालाचे चित्र शोधू लागला, तर त्याच्या हाती ते एकटे, सुंदर, निनावी जोडचित्रच पडण्याचा संभव अधिक, आणि यंत्रे तर हाती पडेल ते चित्र पुन्हा पुन्हा उतरवून घेतात. म्हणून आमची त्या तरुणास आणखी एक विनंती राहील. जोडचित्र करण्यापूर्वी घेतलेली तुकड्यांची मूळ छायाचित्रे, शेजारी मोजपट्टी ठेवून, घेतल्याची तारीख घालून, जोडचित्राबरोबरच प्रसिद्ध करावीत. ती दिसावयास साधी असतील, त्यांची वाहवाही होणार नाही. पण आमच्या मते त्याच्या सर्व कामात अभ्यासकांच्या अधिक उपयोगी पडतील ती तीच.