नवेगावबांध : एका 'नैसर्गिक' तळ्याचा इतिहास

गोंदिया जिल्ह्यात रानवाटा तुडवायला येणारी मंडळी बहुधा दोन ठिकाणे पाहून परततात. एक सालेकसा तालुक्यातला हाजरा धबधबा आणि दुसरे अर्जुनी मोरगाव तालुक्यातले नवेगावबांधचे तळे. दोन्हीकडे दाट जंगल, दोन्हीकडे डोंगर, दोन्हीकडे पाणी. सहलीच्या वहीत विद्यार्थी दोहोंना मिळून 'निसर्गसौंदर्य' असा एकच शब्द लिहितात. आमच्या मते हा शब्द हाजऱ्याला शोभतो. नवेगावला तो लावायचा तर आधी थोडे थांबून विचार करावा लागेल.

हाजरा धबधबा दरेकसा रेल्वे स्थानकाजवळ आहे. मुंबई-हावडा लोहमार्ग इथल्या डोंगरातून बोगद्याने जातो आणि पावसाळ्यात गाडीच्या खिडकीतूनही पांढरी धार दिसते. १८८२ साली नागपूरहून राजनांदगावपर्यंत मीटरगेज मार्ग सुरू झाला. पुढे बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीने तो ब्रॉडगेज केला. या भागातला खडक मात्र फार जुना. जवळच्याच एका गावाच्या नावावरून भूवैज्ञानिक त्याला 'बिजली ऱ्हायोलाइट' म्हणतात. हा ज्वालामुखीतून आलेला खडक असून त्याचे वय सुमारे अडीचशे कोटी वर्षे आहे. सह्याद्रीचा काळा बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा, म्हणजे याच्यापुढे अगदी कालचा! याच डोंगरांत कचारगडची प्रचंड नैसर्गिक गुहा आहे. माघ पौर्णिमेला तिथे दूरदूरच्या राज्यांतून गोंड बांधव जमतात. त्यांच्या परंपरेत हे मूळस्थान आहे. तेव्हा या 'निर्मनुष्य' वाटणाऱ्या जंगलालाही माणसांचा इतिहास आहे, एवढे ध्यानात ठेवून आपण नवेगावकडे वळू.

नवेगावच्या तळ्याभोवती डोंगरांची रांग आहे. तिला सात बहिणी म्हणतात. पाळीवरून चालू लागले की उजव्या-डाव्या हाताला साग-ऐनाचे जंगल आणि समोर क्षितिजापर्यंत पाणी, असे दृश्य दिसते. तळे सुमारे अकरा चौरस किलोमीटरचे आहे आणि त्याचा परीघ सत्तावीस किलोमीटरांच्या आसपास भरतो. हे दोन आकडे फळ्यावर लिहून एक गणित करून पाहण्यासारखे आहे. अकरा चौरस किलोमीटरचे तळे अगदी गोल असते तर त्याचा परीघ किती असता? उत्तर बारा किलोमीटरांहून थोडे कमी येते. म्हणजे प्रत्यक्षातला काठ त्याच्या दुपटीहूनही लांब आहे. याचा अर्थ पाणी डोंगरांच्या मधल्या खोबणींतून बोटांसारखे आत शिरले आहे. तळे एका खोल खड्ड्यात साठलेले नाही. डोंगरांमधली दरी कोणीतरी अडवली म्हणून ते साठले आहे.

हे 'कोणीतरी' म्हणजे कोलू पाटील कोहळी, असे परंपरा आणि इंग्रजी अमदानीतली गॅझेटिअरे दोन्ही सांगतात. काळ अठराव्या शतकाच्या आरंभीचा. तेव्हा हा मुलूख गोंड राजांच्या प्रभावाखाली होता. तळे बांधणाऱ्याला त्या पाण्याने भिजेल तेवढी जमीन द्यावी, असे चांद्याच्या गोंड राजांचे धोरण होते, अशी आख्यायिका आहे. तळी बांधण्यात तरबेज असलेला कोहळी समाज याच राजांनी काशीकडून आणवला, असेही सांगतात. काशीची गोष्ट खरी-खोटी कशीही असो, कोहळ्यांची तळी आणि त्या पाण्यावरचा त्यांचा ऊस यांची ख्याती मात्र निर्विवाद आहे. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या मध्य प्रांतातील जाती-जमातींवरच्या ग्रंथातही तिची नोंद आहे. कोलू पाटील पुढे 'कोलासूर' नावाचा देव झाला आणि सात बहिणींपैकी एका डोंगरावर त्याचे ठाणे आहे. पाटील देव झाला, पण टोपल्यांनी माती वाहणाऱ्या शेकडो हातांपैकी एकाचेही नाव उरले नाही. इतिहासात असे नेहमीच होते, तरी ते खटकतेच.

आता या कामातले विज्ञान पाहू. एवढे मोठे तळे मातीच्या पाळीने तोलून कसे धरले, असा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात. त्यामागे एक गैरसमज असतो. पाणी जितके जास्त, तितका पाळीवरचा दाब जास्त, असे त्यांना वाटते. प्रत्यक्षात पाण्याचा दाब त्याच्या खोलीवर ठरतो, पसाऱ्यावर नाही. दहा मीटर खोलीवर पाणी दर चौरस मीटरला सुमारे दहा टनांचा भार देते. मग मागे विहीर असो की अकरा चौरस किलोमीटरांचे तळे. म्हणून पाळ पायाशी रुंद आणि माथ्याशी अरुंद हवी. ती लांबलचक असायची मात्र गरज नाही, जागा नेमकी निवडता आली तर! दोन डोंगरांमधली फट बुजवली की उरलेली भिंत निसर्गाने आधीच बांधलेली असते. कोहळ्यांचे खरे कसब या निवडीत होते. दुर्बीण नाही, समपातळी दाखवणारे उपकरण नाही. पावसाळ्यात पाणी कुठून वाहते, कुठे रेंगाळते हे वर्षानुवर्षे पाहून त्यांनी उतार ओळखले. शाळेत हे पटवायचे असेल तर प्लॅस्टिकच्या दोन बाटल्या पुरतात. एक अरुंद, दुसरी रुंद. दोहोंना तळापासून सारख्या उंचीवर सारखेच भोक पाडायचे आणि दोहोंत सारख्याच उंचीपर्यंत पाणी भरायचे. सुरुवातीला दोन्ही धारा सारख्याच लांब पडतात.

पाळीइतकेच महत्त्वाचे दोन भाग आणखी असतात. जादा पाणी पाळीवरून गेले तर मातीची पाळ काही तासांत वाहून जाते, म्हणून एका बाजूला, शक्यतो खडकावरून, सांडव्याची वाट ठेवतात. आणि धानाला पाणी सोडण्यासाठी असते ते तुडूम. त्याला वेगवेगळ्या उंचीवर भोके असून ती बुचांनी बंद करतात. पाणी उतरत जाते तसे खालचे बूच काढायचे. वरचे, उन्हाने तापलेले पाणी आधी शेतात जाते आणि तळाचे शेवटपर्यंत राखले जाते. मोठ्या तळ्याखाली लहान तळी, त्यांखाली शेतातल्या बोड्या, अशी पाण्याची उतरंड पूर्व विदर्भात सर्वत्र दिसते. श्रीलंकेतही अशीच जुनी साखळी आहे आणि जागतिक अन्न व शेती संघटनेने तिला कृषी-वारशाचा दर्जा दिला आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यातल्या अशा तळ्यांची संख्या सहा हजारांवर सांगतात.

या तळ्यांना आज सगळे 'मालगुजारी तलाव' म्हणतात. हे नाव तळ्यांपेक्षा बरेच धाकटे आहे. १८५३ साली नागपूरचे राज्य इंग्रजांनी खालसा केले. त्यानंतर १८६०च्या दशकातल्या जमाबंदीत गावच्या सारा-वसुलीदारांना, म्हणजे मालगुजारांना, जमिनीचे मालकी हक्क दिले गेले आणि तळीही त्यांच्या नावावर चढली. पण जुने कर्तव्य सुटले नाही. उन्हाळ्यात गाळ काढणे, पाळीची डागडुजी, पाणी वाटणे ही कामे मालगुजार गावाकडून करून घेत असे. त्यात वेठही होती, हे विसरून त्या व्यवस्थेचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. १९५० च्या कायद्याने, तेव्हाच्या मध्य प्रदेश राज्यात, मालगुजारी संपली. ते न्याय्यच होते. परंतु तळी सरकारजमा झाली तेव्हा गाळ काढण्याचे काम कोणाचे, हे गावात कोणालाच नीट सांगता येईना. पूर्वापार फुकट मिळणाऱ्या पाण्यावर पाणीपट्टी का द्यायची, हा वाद पुढे बरीच वर्षे चालला. तोवर गाळ साचतच होता. पुष्कळ तळी उथळ झाली, काठांवर बेशरम माजली.

उथळ होण्याने नुकसान किती होते, हेही मोजता येते. मध्य भारतात उघड्या पाण्याची वर्षभरात दीड मीटरहून अधिक वाफ होते. तीन मीटर खोल तळ्यातले निम्मे पाणी असे आकाशात जाते. तेच तळे गाळाने दीड मीटरवर आले तर उन्हाळ्यात ते कोरडेच पडणार.

नवेगावचे तळे खोल असल्याने वाचले. त्याच्या भोवतालचे जंगल १९७५ साली राष्ट्रीय उद्यान झाले आणि डिसेंबर २०१३ मध्ये नागझिऱ्यासह व्याघ्र प्रकल्पात आले. वनाधिकारी मारुती चितमपल्ली यांनी इथे दीर्घ काळ काढला. पक्ष्यांची विद्या त्यांनी इथल्याच माधवराव पाटील डोंगरवार यांच्याकडून पुष्कळशी घेतली आणि ती मराठी वाचकांच्या घरोघरी पोचवली. त्या लांबच लांब काठाचा उपयोग आता लक्षात येईल. पक्ष्यांना, माशांच्या पिलांना, देवधानासारख्या पाणवनस्पतींना हवे असते ते उथळ काठाचे पाणी. काठ दुप्पट म्हणजे त्यांची जागाही दुप्पट. महाराष्ट्रात सारस क्रौंच आज मुख्यतः गोंदिया जिल्ह्यातच उरला आहे, तोही तळी आणि धानाची बांधी यांच्या आधाराने.

लहान तळ्यांवर अलीकडे वेगळे काम चालू आहे. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर समाजातल्या स्त्री-पुरुषांना बरोबर घेऊन काही तळ्यांतली बेशरम उपटली आणि तळाशी स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावल्या. कोणती वनस्पती किती पाण्यात रुजते आणि कोणता मासा तिच्या आडोशाला अंडी घालतो, हे ढिवरांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. मत्स्यबीजाच्या पिशव्यांतून फक्त रोहू-कटला येऊ लागल्यावर ते ज्ञान कोणी विचारीनासे झाले होते.

जिल्ह्यातल्या शिक्षकांनी सहल काढायचीच तर हाजऱ्याला पावसाळा सरताना जावे, कारण त्याचे पाणी पुढे झपाट्याने ओसरते. नवेगावला हिवाळ्यात जावे. राखीव वनात चालायला परवानगी आणि वाटाड्या लागतो, त्याची आधी सोय करावी. परतल्यावर आपल्याच गावच्या तळ्याच्या पाळीवर मुलांना न्यावे. पाळीची उंची, माथ्याची रुंदी आणि पाण्याची खोली दोरीने मोजून घ्यावी. तुडूम कुठे आहे आणि त्याची बुचे शेवटची कोणी काढली, हे गावातल्या म्हाताऱ्यांना विचारून वहीत लिहून ठेवावे.