मुनादी आणि वाजिब-उल-अर्ज

जुन्या चांदा जिल्ह्यातील मालगुजारी गावांत सरकारचा हुकूम वा गावबैठकीची खबर लोकांच्या कानी घालण्याचे काम कोतवालाकडे असे. डफावर थाप मारीत तो मोहल्ल्यामोहल्ल्यांतून मुनादी देत फिरे. परंतु मुनादी वरून खाली येणारी. गावाचे सांगणे दप्तरात चढण्याची वाट निराळी होती, आणि तिचे नाव वाजिब-उल-अर्ज. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजांनी मालगुजारांस, म्हणजे गावाचा सारा वसूल करून भरणाऱ्यांस, जमिनीचे स्वामित्व देऊन बंदोबस्त केला, तेव्हा निस्ताराचे (जंगलातून सरपण-लाकूड घेण्याचे), चराईचे आणि तलावाच्या पाण्याचे रिवाज गावागणिक या कागदात उतरले.

हे तलाव गोंडराजांच्या आश्रयाने कोहळी समाजाने बांधले. श्रावणात पाऊस उघडला, की धानाच्या बांध्यांतील रोवणी त्यांच्याच पाण्यावर तगे. उलट झड लागली, की पाळीला कोठे झिरपा फुटला, सांडव्यावरून किती पाणी चालले, हे पाहावयास माणसे रात्री कंदील घेऊन जात, व त्यांचे शब्द सर्वांस कळत, कारण ते ऐकणाऱ्यांच्याच बांध्यांविषयी असत. 1951 साली मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, आणि पाळ राखावी कोणी, हा प्रश्न अधांतरी राहिला.

इकडे पाऊसही बदलत होता. पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील रॉक्सी कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 साली दाखवून दिले, की 1950 ते 2015 या काळात मध्य भारतात विस्तृत प्रदेशावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीचे प्रसंग तिपटीने वाढले. त्यानंतर तीनच वर्षांनी, ऑगस्ट 2020 च्या अखेरीस, गोसीखुर्द धरणाचे सर्व 33 दरवाजे उघडले गेले आणि वैनगंगेने ब्रह्मपुरी, वडसा, आरमोरीकडील गावे वेढली. विसर्गाचे इशारे क्युमेकमध्ये, म्हणजे सेकंदाला किती घनमीटर पाणी या मापात, निघतात. अमुक हजार क्युमेक म्हणजे आपल्या बांधीत गुडघाभर की छातीभर, हे त्यावरून कोणा शेतकऱ्याने ओळखावे? अशा इशाऱ्यास मी मुनादीचा दर्जाही देणार नाही, कारण कोतवालास निदान वाटेत अडवून विचारता तरी येई.

वाजिब-उल-अर्जचे सत्त्व आज कोठे शोधावयाचे झाल्यास ते धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) येथे. 2009 साली सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळविणाऱ्या या गोंड गावात अभ्यासगट बसतो, बाहेरच्या जाणकारास बोलावून उलटसुलट विचारतो, आणि मगच ग्रामसभा एकमताने निर्णय घेते. हवामानाची वार्ता सांगावयाची ती अशा बैठकीत, जेथे ऐकणाऱ्यास प्रतिप्रश्नाचा अधिकार आहे.

तहसील कार्यालयांनी निदान 2020 च्या पुराची रेघ नदीकाठच्या प्रत्येक शाळेच्या भिंतीवर गावकऱ्यांस विचारून रंगवावी, आणि पुढील विसर्गाची खबर त्या रेघेच्या मापाने द्यावी.