मूत्रमार्ग संसर्ग व पोटॅशियमन्यूनता (रुग्णालयीन)

रुग्णालयात दाखल असलेल्या रुग्णात मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग आणि रक्तातील पोटॅशियमची घट एकत्र आढळणे. रक्तरसात पोटॅशियम ३.५ ते ५ मिलीइक्विव्हॅलंट प्रतिलिटर असते, ३.५ खाली न्यूनता व २.५ खाली ती गंभीर मानतात. जंतूंमध्ये ई. कोलाय प्रमुख, वॉर्डात क्लेब्सिएला, स्यूडोमोनास व कॅन्डिडाही आढळतात.

कारणमीमांसा : दोन्ही विकार एकाच खाटेवर दिसले की संसर्गामुळेच पोटॅशियम उतरले, असा समज होतो. तो बहुधा चुकीचा असतो. ही माय-लेकरे नव्हेत, भावंडे आहेत आणि पुष्कळदा दोघांचा उगम उपचारांत असतो. अंगावर सूज आलेल्या हृदयरुग्णाला फ्युरोसेमाइड देतात व लघवी मोजण्यासाठी कॅथेटर घालतात. औषधामुळे पोटॅशियम लघवीवाटे वाहून जाते. कॅथेटर असेपर्यंत लघवीत जंतू येण्याची शक्यता दर दिवशी सुमारे ३ ते ७ टक्के असते. संसर्ग आधीचा असला, तरी ताप-उलट्यांनी जेवण तुटते आणि आहारातून रोज मिळणारे ६० ते १०० मिलीइक्विव्हॅलंट पोटॅशियम बंद होते. साध्या सलाइनमध्ये पोटॅशियम नसतेच; रिंगर लॅक्टेट तीन लिटर दिले तरी १२ च मिळते. मूत्रपिंडाची गळती मात्र पूर्ण थांबत नाही. त्यात प्रतिजैविकांची भर पडते : पिपरासिलिनच्या मोठ्या मात्रेने पोटॅशियम जाते, अमिकासिनने मॅग्नेशियम आणि अँफोटेरिसिन-बीने दोन्ही.

मूत्रपिंडालाच संसर्ग झाला तर तेथूनच पोटॅशियम गळणार, हा आक्षेप वरवर पटण्याजोगा आहे. परंतु जुनाट संसर्ग व अडथळ्याने मूत्रनलिकांना इजा झाली की पोटॅशियम बहुधा साठते. ट्रायमेथोप्रिमनेही ते वाढते. अपवाद आहेत. दूरस्थ मूत्रनलिकीय आम्लतेत पोटॅशियम घटते, खडे होतात व त्यांच्या आश्रयाने संसर्ग टिकतो. अडथळा दूर झाल्यावर लघवीचा लोंढा सुटला तरी पोटॅशियम जाते. मधुमेही रुग्णात इन्सुलिनमुळे ते पेशींत शिरते. तेथे आकडा उतरला म्हणजे शरीरातला साठा तेवढाच घटला, असे नव्हे. म्हणून आकडा कमी दिसताच संसर्गाकडे बोट दाखवण्याआधी औषधांचा तक्ता, खाण्यापिण्याची नोंद आणि मॅग्नेशियम पाहणे हेच शास्त्रीय ठरते.

उपचार : मॅग्नेशियम भरून काढल्याशिवाय पोटॅशियम टिकत नाही, हे वारंवार विसरले जाते. तोंडाने घेता येत असेल तर पोटॅशियम क्लोराइडचे पातळ औषध द्यावे. शिरेवाटे देताना ते सलाइनमध्ये मिसळून, सामान्यतः ताशी १० मिलीइक्विव्हॅलंट या गतीने द्यावे. थेट शिरेत ढकलल्यास हृदय थांबू शकते. पोटॅशियम कमी असताना लेव्होफ्लॉक्सासिन दिल्यास हृदयगती बिघडण्याचा धोका वाढतो, म्हणून आधी ईसीजी काढावा. लक्षणे नसताना केवळ कल्चरमध्ये जंतू आले म्हणून प्रतिजैविक देऊ नये; गर्भवती आणि मूत्रमार्गावरील शस्त्रक्रियेपूर्वीचे रुग्ण अपवाद.

प्रतिबंध : कॅथेटरची गरज रोज तपासावी व गरज संपताच तो काढावा.

स्थानिक संदर्भ : बिडकीन (ता. पैठण) हे छत्रपती संभाजीनगर–पैठण मार्गावरील गाव. या भागासाठी मोठे सरकारी रुग्णालय म्हणजे शहरातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे (स्थापना १९५६) रुग्णालय, लोकांच्या तोंडी ‘घाटी’. रुग्ण तेथे पाठवताना चिठ्ठीवर कॅथेटर घातल्याची तारीख, दिलेली औषधे आणि पोटॅशियमचा शेवटचा आकडा लिहिला, तर पुढच्या डॉक्टरांना दोन्ही विकारांचे मूळ शोधता येते. या तीन नोंदींना खर्च नाही; त्या राहून गेल्या की किंमत रुग्ण मोजतो.

बालरुग्ण : निदान व मात्रा वेगळ्या.